जमनीबाईच्या बापाचा पूल

दारव्ह्याजवळच्या बंजारा तांड्यातल्या जमनीबाईचे पाय लकव्यानं गेले, पण जीभ शाबूत राहिली, असं तिचा नवरा खेमसिंग कौतुकानंच सांगायचा. हट्टही शाबूत होता. यवतमाळची छोटी रेल्वे घातली तेव्हा एका पुलाचे दगड वाहिले ते जमनीच्या बापाच्या बैलांनी. पुढं तीच रेल्वे माल वाहू लागली आणि तांड्याचा वाहतुकीचा धंदा बसला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं ते हेच! तरी म्हातारा मरेपर्यंत ‘माहा पूल’ म्हणत राहिला. गाडीत मात्र कधी बसला नाही.

त्या पुलावरून एकदा जायचं, एवढीच जमनीची इच्छा. अट एकच, कोणी उचलायचं नाही. कळंबच्या जत्रेत तिला पोत्यासारखं उचललं होतं आणि लोक फिदीफिदी हसले होते. ते तिला अजून झोंबत होतं.

एकसष्ट सालच्या दिवाळीनंतर खेमसिंगनं बंडी जुंपली आणि जमनीला दारव्हा स्टेशनवर आणलं. डब्याच्या दाराशी बंडीची मागची बाजू लावली की जमनी बसल्या बसल्या आत सरकेल, असा त्याचा बेत. पण इंजिनानं शिट्टी दिली आणि बैल असे बिथरले की बंडी भलतीकडंच वळली.

"गाडी सुटून राह्यली, बाई!" गार्ड ओरडला.

"चाल, घेतो उचलून," खेमसिंग म्हणाला.

"हात तं लावून पाहा!" म्हणताना जमनीचे डोळे भरून आले.

खेमसिंगनं बैल सोडले, जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि बंडी मागं रेटत नेली. शेवटी गार्डानंही चाकाला हात लावला. जमनी हातांवर जोर देऊन सरकली आणि बाकावर जाऊन बसली. लोक हसले, पण या वेळी खेमसिंगला.

"अवं, पण तिकडं उतरशील कशी?" त्याला आत्ता सुचलं.

"उतरते कायले? याच गाडीनं वापस येईन. तुम्ही बंडी घेऊन इथंच राहा!"

गाडी रमतगमत निघाली. पूल आला तसा जमनीनं बाकावर शेजारी बसलेल्या, यवतमाळला निघालेल्या इंदूबाईला कोपरानं ढोसलं. "माह्या बापाचा!"

इंदूबाई नीट पाहीपर्यंत पूल सरलासुद्धा. "इतकुसाच?"

"इतकुसाच," जमनी ऐटीत म्हणाली. "पण त्याच्याबिगर तुम्ही गेल्या असत्या का यवतमायले?"