एव्हलिनचा प्रॉम्प्ट

परळच्या एका मोठ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये एव्हलिन परेरा सर्व्हर सांभाळायची. शहरभरातून रक्ताच्या नळ्या खालच्या मजल्यावर यायच्या, यंत्रं त्यातून आकडे काढायची आणि ते आकडे सर्व्हरवरून फिरून, रिपोर्ट होऊन पेशंटच्या फोनवर जाऊन पडायचे. वाटेत कुठे अडलं की एव्हलिनला हाक. ती काळी खिडकी उघडायची, त्यात चार हुकूम टाइप करायची आणि अडलेलं पुढे सरकायचं.

हे टाइप केलेले हुकूम घेऊन मशीनकडून काम करवणारा जो प्रोग्रॅम असतो, त्याला शेल म्हणतात. शेल बरेच आहेत. बहुतेक माणसं मशीनबरोबर जो येतो तोच, म्हणजे बॅश, मुकाट वापरतात. एव्हलिनला बॅश कळकट वाटायचा. तिने झेड-शेल घेतला होता आणि वर्षानुवर्षं तो सजवला होता. हुकूम लिहायच्या आधी मशीन जी ओळ दाखवतं, तिला प्रॉम्प्ट म्हणतात. एव्हलिनचा प्रॉम्प्ट दुमजली होता. डावीकडे निळ्या पट्टीत सर्व्हरचं नाव, मग बाण, मग घराचं चिन्ह, मग फोल्डरचं नाव. पार उजव्या टोकाला घड्याळ आणि त्याला चिकटून एक ठिपका. आधीचा हुकूम नीट पार पडला तर ठिपका हिरवा, फसला तर लाल.

“स्क्रीन आहे की लालबागचा मांडव?” दर्शना म्हणायची. दर्शना शेजारच्या टेबलावर बसायची. मूळची मालवणकडची, वाढलेली गिरणगावात, आणि तोंडाने फटकळ.

एके दिवशी एव्हलिनने सकाळचे रिपोर्ट पुढे पाठवले आणि चहाला गेली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत खालून फोनवर फोन. रिपोर्ट गेलेच नव्हते. दर्शनाने तिच्या स्क्रीनवर बोट ठेवलं. “अगं, लाल आहे ना ठिपका. सकाळपासून लालच आहे.”

“कुठे?”

“कुठे म्हणजे? हा काय!”

एव्हलिनला तो ठिपका दिसायला मान वळवावी लागली.

घरी रॉनीच्या हे आधीच लक्षात आलं होतं. रॉनी तिचा नवरा, फोर्टातल्या एका हॉटेलात बेकर. गिरगावातल्या त्यांच्या वाडीत संध्याकाळी दिवे मंद असतात, आणि एव्हलिन पायरीला अडखळायची, कोणाच्या तरी स्कूटरला धडकायची, वर स्कूटरवाल्यालाच बोलायची. रॉनीने तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्या केल्या आणि समजावून सांगितलं: डोळ्याचा आतला पडदा कडेकडेने सुकत चालला आहे. औषध नाही. वेग कमी-जास्त होईल, मधला भाग शेवटपर्यंत टिकेल कदाचित.

रॉनीने तिचा हात धरला. एव्हलिनच्या डोक्यात मात्र पहिला विचार आला तो असा की घड्याळ आणि ठिपका आता उजवीकडून उचलून डावीकडे आणायला हवेत.

तिने ते आणले. मग पुढची दोनेक वर्षं ती प्रॉम्प्ट स्क्रीनच्या मध्याकडे सरकवत राहिली. आधी घड्याळ काढलं, मग वरचा मजला पाडला, अक्षरं मोठी केली, मग आणखी मोठी केली. शेवटी स्क्रीनवर पाच-सहा शब्द मावायला लागले आणि तेवढे वाचूनही दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागलं.

“सोड आता, एवी,” रॉनी म्हणाला. “माझा पगार आहे. घर आपलं आहे. पोरगी तिकडे दुबईत सुखात आहे. कशाला जिवाला त्रास करून घेतेस?”

“घरी बसून काय करू?”

“लोक काय करतात घरी?”

“मला काय माहीत? मी कधी बसले नाही.”

दुसऱ्या दिवसापासून रॉनी कामावरून परत आला की तिला आणायला परळला जाऊ लागला.

स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम असतो हे एव्हलिनला ऐकून माहीत होतं. तो तिने ऑफिसच्या मशीनवर चढवला, हेडफोन लावले आणि काळी खिडकी उघडली. आवाज सुरू झाला. निळ्या पट्टीचं त्याला सोयरसुतक नव्हतं, पण चिन्हं त्याने एकही सोडली नाहीत. त्रिकोण उजवीकडे, घर, तिरकी रेघ, त्रिकोण उजवीकडे, भरीव गोल. हे सगळं संपेपर्यंत तिला काय टाइप करायचं होतं तेच ती विसरली. एंटर दाबलं की पुन्हा त्रिकोणापासून सुरुवात. इतकी वर्षं कौतुकाने रचलेली ती ओळ कानाला दळण वाटली.

दर्शना म्हणाली, “माझा फिश घेऊन बघ. काही सजवायला लागत नाही, आणि तुला काय टाइप करायचंय ते तोच आधी सुचवतो.”

फिश हाही एक शेलच. सुचवायला तो हुशार होता. तुम्ही दोन अक्षरं टाइप केली की पुढचा अख्खा हुकूम फिकट रंगात समोर मांडायचा; पटलं तर घ्या, नाहीतर सोडा. पण फिकट आणि ठळक हा भेद डोळ्यांचा. तिच्या मशीनवरचा आवाज दोन्ही एकाच दमात वाचायचा. आपण काय लिहिलं आणि मशीन काय धरून चाललंय, हे एव्हलिनला कळेना. ती दोन अक्षरं टाइप करायची आणि कानात कालचा अख्खा हुकूम ऐकू यायचा. दोष फिशचा नव्हता. तो पाहणाऱ्यांसाठी केलेला होता. सूचना बंद करायची सोय होती, ती तिने करूनही पाहिली. पण मग फिश घेऊन फायदा काय, आणि तो लॅबच्या प्रत्येक सर्व्हरवर नव्हताही.

बॅश प्रत्येक सर्व्हरवर होता. बोलका नव्हता, मधे मधे करत नव्हता. एव्हलिन नाइलाजाने त्याच्याकडे गेली आणि त्याच्या सेटिंगची फाइल कोरी करून बसली.

तेव्हा तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. डोळा स्क्रीनवर कुठेही उडी मारतो; कान रांगेत उभा राहतो. म्हणून जे आधी कळायला हवं ते आधी आलं पाहिजे आणि जे नको ते आलंच नाही पाहिजे. तिने प्रॉम्प्टमध्ये सर्व्हरचं छोटं नाव आणि एक डॉलरचं चिन्ह एवढंच ठेवलं. हुकूम नीट पार पडला तर बॅशने गप्प राहायचं, फसला तर एक घंटी वाजवायची. फाइल उडवायचा हुकूम दिला की आधी विचारायचं. भरभर वाचताना जी अक्षरं एकसारखी ऐकू येतात, ती असलेले आपण बनवलेले छोटे हुकूम बदलायचे. लांबलचक उत्तरं स्क्रीनवर न ओतता फाइलमध्ये टाकायची आणि मग सावकाश वाचायची. एकेक ओळ बदलायची, दिवसभर तिच्यासोबत काम करायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बदलायचं, असं चाललं. आवाजाचा वेगही ती वाढवत गेली. दर्शनाने एकदा हेडफोन कानाला लावून पाहिले आणि झटकन काढले. “हे कुठली भाषा बोलतंय?”

“इंग्लिश.”

“काहीतरीच.”

मग ती गोष्ट घडली. लॅबचे दोन मुख्य सर्व्हर होते. एकावर खऱ्या पेशंटचे रिपोर्ट, त्याचं नाव पी-वन. दुसऱ्यावर नुसती तालीम, नवीन काही करायचं तर आधी तिथे करून बघायचं. त्याचं नाव टी-वन. एव्हलिन तालमीच्या सर्व्हरवरचा जुना कचरा काढायला बसली होती. प्रॉम्प्टने नाव सांगितलं, तिने ऐकलं, अख्खं फोल्डर उडवायचा हुकूम लिहिला. दर्शना काही विचारायला म्हणून तिच्या टेबलापाशी आली होती. तिची नजर सहज स्क्रीनवर गेली.

“एव्हलिन, हात काढ.”

“काय झालं?”

“हात काढ आधी कीबोर्डवरून. तू पी-वनवर आहेस.”

एव्हलिनने ओळ पुन्हा ऐकली. मग आवाजाचा वेग कमी करून पुन्हा ऐकली. पी-वन. वेगात पी आणि टी तिला एकच ऐकू आलं होतं. मशीनने “नक्की ना?” असं विचारलं असतं, आणि तिने हो म्हटलं असतं, कारण तिची खात्री होती.

काही बिघडलं नव्हतं. तरी ते तिने स्वतःच जाऊन स्वप्नीलला सांगितलं. स्वप्नील विभागाचा प्रमुख, तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. दोन दिवसांनी तिला बोलावलं.

“मॅडम, तुमच्यावर भरोसा आहे. पण पी-वनचा ॲक्सेस मला काढावा लागेल. सध्या कलेक्शन सेंटरचे फोन घ्याल का? पगार तोच राहील.”

“आणि परत?”

“बघू या.”

‘बघू या’ म्हणजे काय ते एव्हलिनला ठाऊक होतं. ती फोनच्या टेबलावर बसू लागली. भायखळ्याच्या सेंटरवरून नळ्या निघाल्या का, हिंदमाताच्या सेंटरवर गाडी पोचली का, असं दिवसभर. काम अवघड नव्हतं. रॉनीला बरं वाटलं, तसं त्याने बोलून दाखवलं नाही. घरी ती कमी बोलू लागली. एकदा रॉनीने विचारलं, “राग आलाय?”

“नाही. चूक शोधतेय.”

“झाली ना आता ती?”

“झाली. पण कुठून झाली ते बघायला नको?”

तालमीचा सर्व्हर तिच्याकडे होता. फोन थंड असले की ती त्यावर बसायची. सर्व्हरची खरी नावं बदलणं तिच्या हातात नव्हतं, पण प्रॉम्प्टने काय म्हणावं हे तिच्या हातात होतं. पहिल्यांदा तिने तालमीच्या सर्व्हरला मराठी शब्द दिला. रोमन अक्षरांत लिहिलेलं ‘तालीम’ तो इंग्रजी आवाज ‘टॅलिम’ वाचायचा, आणि तिला दरवेळी हसू यायचं. तो तिने काढला. मग तिने मुंबईतल्या भागांची नावं घेतली, पण ऐकून ऐकून निवडली. दादर आणि परळ भरभर ऐकताना जवळ जातात; दादर गळालं. शेवटी खऱ्या सर्व्हरला परळ ठरलं, तालमीच्या सर्व्हरला भायखळा. इंग्रजी उच्चारात भायखळा लांब पडतो, परळ तुटक. कितीही वेग वाढवला तरी एकाचं दुसरं होत नाही. शिवाय परळवर काही उडवायचं असेल तर हो म्हणून भागणार नाही, ‘परळ’ हा शब्द पूर्ण टाइप करावा लागेल, असं तिने लिहून ठेवलं.

मग ती हे स्वप्नीलला दाखवायला गेली. “मला ठेवायचं नसेल तर ठेवू नका. पण कारण नीट लावा. डोळे गेले म्हणून ती चूक झाली नाही. नावं तशी होती म्हणून झाली. माझ्या जागी बसणाऱ्यालाही दमला-भागला असताना पी आणि टी एकच दिसेल.”

स्वप्नीलने दर्शनाला बोलावलं. दर्शना म्हणाली, “मला विचारू नका. मी दर वेळी तीनदा बघते, तरी एंटर दाबायच्या आधी चौथ्यांदा बघते.”

“तुमची ती सेटिंगची फाइल मला पाठवा,” एवढंच स्वप्नील म्हणाला.

एव्हलिनने पाठवली. महिनाभर काहीच झालं नाही. मग एका सोमवारी सगळ्यांच्या प्रॉम्प्टमध्ये पी-वन आणि टी-वनच्या जागी परळ आणि भायखळा आले. त्यासोबत नवा नियम आला: परळवर काहीही उडवायचं तर दोन माणसं हजर हवीत, मग ते कोणीही असो. एव्हलिनला ॲक्सेस परत मिळाला. फोनचं टेबल दुसऱ्याकडे गेलं.

दोन माणसांचा नियम तिला आवडला नाही. वेळ जातो, असं ती अजूनही म्हणते, आणि दर्शना तिच्याशी त्यावरून भांडते. “तुझ्यामुळेच आला ना तो?” “नियम स्वप्नीलने केला. मी फक्त नावं मागितली होती.”

आता तिच्या नजरेचा उरलेला भाग फार थोडा आहे. समोरच्याच्या चेहऱ्याचा एक गाल दिसतो, मग दुसरा. रस्त्यावर ती पांढरी काठी घेते. पहिलं वर्षभर ती पिशवीतच ठेवायची आणि रॉनी त्यावरून कटकट करायचा. कामाच्या वेळी स्क्रीनची तिला गरज पडत नाही. मागच्या महिन्यात विभागात नवीन माणूस आला आणि त्याच्यासाठी स्क्रीन कमी पडत होता, तर एव्हलिननेच आपला काढून न्यायला सांगितलं. तो न्यायला आलेला माणूस वायर सोडवू लागला तेव्हा ती कानात हेडफोन घालून परळवर काहीतरी बघत होती. त्याने विचारलं, “मॅडम, तुमचं काम थांबवता का थोडं?”

“नको,” ती म्हणाली. “तू ने.”