झाकणावरचा पोचा

संग्रहालयाच्या शेडमध्ये जुनी लढाऊ विमानं सांभाळणाऱ्या पत्रेमामांचं डोकं सकाळपासून फिरलं होतं. कारण नेहमीचंच, लोकांचे हात. "हात लावू नये" अशी पाटी त्यांनी स्वतः रंगवून टांगली, तर लोक त्या पाटीलाच हात लावून बघायचे. कुणी पंख्याला लोंबकळून फोटो काढायचं, कुणी चाकाला लाथ मारून हवा तपासायचं. "अहो, विकत घ्यायचंय का तुम्हाला?" मामा ओरडायचे.

त्यात साहेबांचं नवं खूळ. उद्या बडे पाहुणे येणार, तेव्हा मधलं विमान आरशासारखं चकाकलं पाहिजे. मामांनी कपाळावर हात मारला. "साहेब, लढाईतून आलंय ते, शोरूममधून नाही!" पण ऐकतो कोण? शेवटी त्यांनी इंजिनवरचं झाकण उतरवलं, खाली लाकडी ठोकळा धरला आणि एकेक पोचा हलक्या हातानं ठोकून काढला. घरातल्या पातेल्याचा पोचा काढायला ह्यांना सवड नाही, असं बायको वर्षानुवर्षं म्हणत होती, ते काही खोटं नव्हतं. गोळ्यांच्या खुणा तेवढ्या हट्टानं राखल्या. बाकी पत्रा गुळगुळीत. काम झकास झालं हे त्यांनाही कबूल करावं लागलं, आणि त्याचाही त्यांना रागच आला.

झाकण पुन्हा चढवून ते हात पुसतायत तोवर आजी आल्या. म्हणजे आणखी एक वैताग. या आजी दरवर्षी यायच्या, दोरी ओलांडून सरळ त्या झाकणावर तळहात टेकवायच्या आणि डोळे मिटून उभ्या राहायच्या. मागे राहिलेला ठसा कुणी पुसायचा? मामांनीच.

"आजी, हात!" ते सवयीनं खेकसले.

आजींचं लक्षच नव्हतं. त्यांची नजर आता पार अधू झाली होती. बोटं पत्र्यावर पुन्हा पुन्हा एकाच जागी फिरत होती.

"इथला पोचा कुठे गेला हो?"

"कसला पोचा?"

"आमच्या ह्यांचा. ह्या विमानाचे मेकॅनिक होते ते. एकदा पाय घसरला आणि गुडघा आपटला झाकणावर. लढाईत घर जळलं, त्यात ह्यांचे फोटोसुद्धा गेले. एवढाच काय तो गुडघा उरलाय मला. उद्या लेकीकडे चाललेय, लांब, कायमची. म्हटलं, शेवटचं भेटून यावं."

मघाशी आपण नेमकं काय ठोकून काढलं, ते मामांना आता कळलं. इतकी वर्षं हिच्यावर खेकसलो, एकदा विचारलं असतं तर जीभ झडली असती का? स्वतःच्याच बोटांवर हातोडी घालावी असं त्यांना वाटलं.

"अहो आजी, तुम्ही भलत्याच विमानाला चाचपताय!" त्यांनी ठोकून दिलं. "तुमचं ते पलीकडचं. आधी चहा घ्या, मग मी नेतो." आणि पहारेकऱ्याबरोबर त्यांना कॅन्टीनमध्ये धाडलं.

हातोडीचा पोचा वेगळा दिसतो, तो चालणार नव्हता. मामा शिडीवर चढले, इकडेतिकडे बघितलं आणि उजवा गुडघा दाणकन घातला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पत्रा ढिम्म. "लेका, एरवी कुणी नुसतं टेकलं तरी दबतोस की!" दुसऱ्यांदा मात्र दबला. गुडघ्याचं काय झालं ते विचारूच नका.

चहा पिऊन आलेल्या आजींना त्यांनी लंगडत लंगडत शेडभर वळसा घालून त्याच झाकणापाशी आणलं. आजींचा हात वर गेला, तिथं शोधत राहिला, मग वीतभर खाली आला आणि पोच्यात बसला. मामांना घाम फुटला.

तेवढ्यात साहेब येऊन टपकले. "मामा! हा पोचा कुठून आला? मघाशी तर नव्हता!"

आता काय सांगणार, कप्पाळ? मामांनी तोंडावरची रेषही न हलवता उत्तर दिलं, "आधीपासूनच होता, साहेब."

आजी फस्सकन हसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण हात काही पोच्यातून निघाला नाही.

"अगदी हेच," त्या म्हणाल्या, "ह्याच शब्दांत ह्यांनी त्यांच्या साहेबाला सांगितलं होतं."

मग मामांच्या बाजूला वळून हळूच म्हणाल्या, "आणि तेही असंच धडधडीत खोटं बोलले होते. घरी गेल्यावर गुडघा शेकून घ्या हो."