जवळचं की लांबचं

उरलेलं आयुष्य जगाकडे कोणत्या भिंगातून पाहायचं, हे ठरवण्याची संधी नियती फार थोड्यांना देते. मला ती निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी, चेन्नईतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात, सत्तेचाळीस नंबरच्या टोकनावर मिळाली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. उजवा जास्त पिकला होता, म्हणून आधी त्याचा नंबर, डाव्याचा महिन्याभराने. पण दोन्हीकडे भिंग एकाच जातीचं बसणार होतं आणि एकदा बसलं की ते बदलत नाहीत, असं सगळेच बजावून सांगत होते. लग्नाच्या वेळी मला इतकं कोणी बजावलं नव्हतं.

माझी विज्ञानाकडे एकच मागणी होती. दुपारचं जेवण झाल्यावर कुशीवर पडून, चष्म्याशिवाय, पुस्तक वाचायचं. चष्मा लावून कुशीवर पडलं की काडी कानामागे रुतते, काच तिरपी होते आणि ओळी डोंगर चढायला लागतात. हे मी चाळीस वर्षं सोसलं होतं. आता तर सहा महिने चष्म्यानेही अक्षरं दिसत नव्हती. कोणी वाचून दाखवावं, तर घरात मराठी वाचणारा मी एकटा. बायको तंजावरच्या मराठी घरातली. बोलते अस्सल मराठी, तमिळच्या चालीवर, पण शिकली तमिळ शाळेत. पुण्याहून भाऊ पुस्तकं पाठवत होता आणि ती कपाटावर बांधलेल्या गठ्ठ्यांतच पडून होती.

दवाखान्यात संगमरवरी फरशी होती, दारात मोगऱ्याचा हार घातलेला पिळ्ळैयार, म्हणजे आपला गणपती, होता, आणि भिंगाची माहिती द्यायला एक वेगळी बाई होती. तिच्याकडे चकचकीत पुस्तिका. मुखपृष्ठावर बर्फाचे डोंगर. चेन्नईत बर्फाचे डोंगर बघण्यासाठी कोणी ऑपरेशन करून घेत असेल असं मला वाटलं नाही. सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम अशा तीन पायऱ्या होत्या. बाईंनी एका छोट्या डबीत नमुन्याचं भिंग माझ्यासमोर धरलं.

“दिसतंय का, सर?”

“नाही.”

“अगदी पारदर्शक आहे,” त्या अभिमानाने म्हणाल्या.

तिथे बसलेल्या आम्हा सगळ्यांना मोतीबिंदू होते. ते भिंग कोणालाच दिसलं नाही. सगळ्यांनी माना मात्र डोलावल्या.

घरी आल्यावर मी मला येत होतं ते केलं. चेन्नईजवळच्या आवडी गावात, रणगाड्यांच्या कारखान्यात, तीस वर्षं मी खरेदी विभागात काढली होती. तिथे साधा बोल्ट घ्यायचा तरी तुलनात्मक तक्ता लागायचा. मी फुलस्केप कागद घेऊन चौदा रकाने आखले. देशी की परदेशी, घडी घालून डोळ्यात सरकवायचं की बिनघडीचं, डोळ्याला छेद केवढा, पिवळी झाक आहे की नाही, हमी किती. अक्षरं दिसत नसल्यामुळे बायको कार्बन पेपर धरून बसली आणि मी सांगेन तसं इंग्रजीत लिहीत गेली. अकराव्या रकान्याला ती म्हणाली, “ऐय्यो, डोळा आहे की रणगाडा?”

“रणगाड्याला अठ्ठावीस असतात,” मी म्हणालो.

तांत्रिक सल्ल्यासाठी आमच्या वेस्ट मांबलममधल्याच एका मित्राला बोलावलं. तो बँकेतून निवृत्त झालेला नागपूरकर. त्याने आदल्या वर्षी प्लॅटिनम बसवून घेतलं होतं आणि तेव्हापासून तो भिंगाबद्दल जावयाबद्दल बोलावं तसं बोलायचा.

“जवळचं दिसतं, लांबचं दिसतं, मधलंही दिसतं! चष्मा पेटीत टाकला बघ.”

“काहीच त्रास नाही?”

“छे! संध्याकाळी दिव्यांभोवती वलयं दिसतात, तेवढंच. देवांच्या तसबिरीत असतात ना, तशी.”

“ट्यूबलाइटला पण?” बायकोने विचारलं.

“वहिनी, स्कूटरच्या दिव्याला सुद्धा.”

“मग सेरी, बरंच झालं,” ती म्हणाली, “पुण्य घरबसल्या.”

कॉफी संपल्यावर त्याने माझा तक्ता हातात घेतला, डोळ्यांजवळ आणला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला, आणि “अक्षर बारीक आहे” म्हणून खाली ठेवला. मी बायकोला प्लॅटिनमवर फुली मारून ते बाद करायला सांगितलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांपुढे तक्ता ठेवला. त्या तरुण होत्या, शांत होत्या, आणि त्यांनी चौदाच्या चौदा रकाने वाचले. इतका आदर मला कारखान्यात कधी मिळाला नव्हता. मग कागद घडी करून परत देत त्या इंग्रजीत म्हणाल्या, “साधं घडीचं भिंग तुम्हाला उत्तम. फक्त एक सांगा. ते एकाच अंतराचं असतं. चष्म्याशिवाय लांबचं दिसायला हवं की जवळचं? एकासाठी चष्मा लागेल.”

हा रकाना तक्त्यात नव्हता.

तीस वर्षं मी लोकांच्या निविदा अपुऱ्या म्हणून परत पाठवल्या होत्या. आता वस्तू कशासाठी हवी, एवढंच लिहायचं राहिलं होतं.

“बहुतेक जण लांबचं घेतात,” डॉक्टर म्हणाल्या. “रस्ता, माणसं, बसच्या पाट्या. जास्त उपयोगी पडतं.”

बहुतेक जण घेतात म्हटल्यावर माझा खरेदी विभाग जागा झाला. जे सगळे घेतात ते घेतलं की पुढे कोणी प्रश्न विचारत नाही. शिवाय ऐनवेळी भीतीही वाटली. जन्मभर समुद्र आणि माणसांचे चेहरे पुसट दिसले तर? “लांबचं,” असं मी जवळजवळ म्हणालोच होतो.

“लांबचं घेऊन काय करणार?” बायको म्हणाली. डॉक्टरांना कळू नये म्हणून मराठीत, आवाज मात्र चढा. “लांबच्या सगळ्या पाट्या तमिळ. तीस वर्षांत तुम्हाला ‘अ’ तरी आला का?”

“बसचा नंबर तर वाचतो.”

“नंबर मी वाचीन. माणूस कोण आला तेही सांगीन. बाहेरचं सगळं मी वाचते की आतापर्यंत. तुमचं ते मराठी मला वाचता येत नाही. ते तुम्हालाच वाचायला पाहिजे ना?”

डॉक्टर आमच्याकडे आळीपाळीने बघत होत्या. बायकोने तमिळमध्ये त्यांना दोन वाक्यं सांगितली. त्या हसल्या आणि त्यांनी माझ्या कागदावर काहीतरी लिहिलं. मी काय निवडलं ते मला अशा रीतीने कळलं. नाही म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं.

ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. मग काळा चष्मा, दिवसातून सहा वेळा थेंब, डोक्यावरून आंघोळ बंद. महिन्याभराने डावा डोळाही झाला. आता रस्त्यावर निघालो की लांबचा चष्मा लावतो. विसरलो तर बायको सांगते: समोरून नागपूरकर येतायत, हसा.

सगळी पट्टी-औषधं संपल्यावर, एका दुपारी, मी कपाटावरचा गठ्ठा सोडला. भाताचं जेवण झालं होतं. डाव्या कुशीवर पडलो आणि पुस्तक नाकापासून वीतभर धरलं. अक्षरं काळीकुळकुळीत, कागद पांढराशुभ्र, ओळी सरळ. कानामागे काही रुतत नव्हतं. बायको दारात उभी राहून बघत होती.

“दिसतंय?”

“सगळं.”

त्याला आता चार महिने झाले. रोज दुपारी वाचतो. चाळीस वर्षं मला जागं कोण ठेवत होतं, ते आता कळलं. कानामागची ती काडी. पुस्तक अजून चौथ्या पानावर आहे.