तिसऱ्या दिवशीचा भाव
वाऱ्याबरोबर कारखान्यांचा आंबूस वास आला की कुंभवलीतली ती दुपार आठवते. थोरला भाऊ कंपनीतल्या स्फोटात गेला, त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. त्याच कंपनीचे थोडे शेअर त्याने हौसेने घेतले होते. मुलीच्या कॉलेजसाठी ते विकावेत की ठेवावेत, हे वहिनींना कळेना. मी ओटीवर बसून मोबाइलवर जुने भाव काढले आणि म्हटलं, "वहिनी, वर्षभरात भाव कसा चढला-उतरला, ते बघून ठरवू." त्यांनी हळूच विचारलं, "हे गेले, त्या दिवशी किती होता?" मी तारीख शोधली. त्या दिवशी भाव जरासा उतरला होता आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. वहिनी त्या आकड्यांकडे बघतच राहिल्या. "तिसऱ्या दिवशी आमी राख सावडत होतो, भावजी. एवढ्यात सगळं बरं झालं?" दुसऱ्याच दिवशी त्यांनी शेअर विकायला लावले. आज पुतणी नोकरीला लागली आहे. मी मात्र अजूनही कुठल्याही कंपनीचे जुने भाव बघताना, आलेखातली रेघ किंचित खाली गेलेली दिसली की थांबतो. त्या दिवशी कोण घरी परतलं नसेल, हे मनात येतंच.