मधूने लावलेला अर्थ

मधूआजोबा गेल्याचा फोन तुम्हांला केला, तेव्हा रेवा, तू रडत रडत मला पहिला प्रश्न विचारलास तो त्याच्या गाण्याचा. "आजी, ते गाणं खरंच संत्र्याच्या बागेवर आहे का?" नाही. आयुष्यभर मी त्याला हेच सांगत आले. शेवटच्या भेटीत, त्याच्या बेसा भागातल्या घरी, त्याने ऑक्सिजनची नळी बाजूला सारून मलाच ऐकवलं, "वहिनी, तुमी इंग्रजी शिकवली, पण तुमाले बाग नाई समजत." आजारी माणसाशी वाद नको म्हणून मी त्याची नळी परत नीट लावली. मी हरले असंच त्याने धरलं असणार...

आता नीट क्रमाने सांगते. मधू माझा धाकटा दीर. नरखेडकडे आमच्या सासऱ्यांची, मामंजींची, संत्र्याची बाग होती. ती मधूने सांभाळायची हे ठरलेलं. सत्तरच्या दशकात कोराडीचं वीज केंद्र उभं राहिलं आणि हा तिथे नोकरीला लागला. मामंजी म्हणाले, "नोकरीच करायची असन त माझ्या दारात येऊ नको." हा खरंच गेला नाही. दोन दिवाळ्या गेल्या. सासूबाई निरोप पाठवून थकल्या आणि धरमपेठेतल्या माझ्या घराला बोल लागला, की मोठ्या सुनेने पोराला आसरा दिला. आसरा कसला, दर रविवारी कोराडीच्या बसने तो यायचा, राखेने माखलेल्या शर्टानिशी माझ्या धुतलेल्या अभ्र्यांवर टेकायचा आणि आमच्या रेकॉर्ड प्लेअरवर तेच एक विलायती गाणं लावायचा. ढोल, गिटार, आणि घसा फुटेस्तोवर ओरडणारा गायक. मग सुई उचलून, "वहिनी, याचा मतलब सांगा न."

मतलब सरळ होता. एक माणूस रात्री बापाच्या घराबाहेर उभा आहे. खिडकीत दिवा आहे. तो दार वाजवत नाही, उलट म्हणतो, इतक्यात दार उघडू नकोस. बस, एवढंच. मी म्हटलं, हा माणूस भित्रा आहे, आणि तूही त्याच जातीचा. नरखेडची एसटी पकड आणि जा. "भित्रा नाई वहिनी, तो बापाले टाइम देऊन राहिला." कोणत्या ओळीत म्हटलंय ते दाखव, म्हटलं की पुन्हा सुई ठेवायचा. असे किती रविवार गेले, विचारू नका.

एका डिसेंबरात मामंजी संत्र्यांचा ट्रक घेऊन मार्केटला आले. माल उतरवून, न कळवता आमच्याकडे आले. रविवार होता. गाणं चालू होतं. मधू उठून उभा राहिला, पण यंत्र बंद करायचं त्याला सुचलं नाही. मामंजी खुर्चीत बसले. मुलाकडे बघितलंही नाही. मलाच विचारलं, "सूनबाई, काहून बोंबलून राहिला हा?"

मधू माझ्याकडे बघत होता. माझं मत तर मी किती वेळा सांगितलेलं होतं, पण बापलेकांच्या मध्ये उभं राहून ते कसं सांगणार? मी नुसत्या ओळींचा अर्थ सांगितला.

"बाप काय करून राहिला आत?"

"ते गाण्यात नाही, मामंजी. फक्त दिवा आहे."

"म्हंजे बाप जागा हाय." त्यांनी फिरत्या रेकॉर्डकडे बोट केलं. "ताणावर सोडला असन त्यानं पोराले." बहार यावा म्हणून या दिवसांत बागेचं पाणी तोडतात, झाडं ताणावर सोडतात, हे तुम्हांला ठाऊक नसेल. झाड सुकलेलं दिसतं, मग पाणी दिलं की फुलतं. मी म्हणणार होते की त्या गायकाने जन्मात संत्र्याचं झाड पाहिलं नसेल, तेवढ्यात मामंजींनी टोपी घातली. "पण पान मुरगळलं का पाणी द्याच लागते गा. नाई त झाड जाते." हे मात्र पहिल्यांदाच मधूकडे बघून. मग, "चाल. ट्रकात जागा हाय. नोकरीवर सोमवारी येजो वापस."

तो गेला. माझा सगळा स्वयंपाक तसाच राहिला, रेकॉर्ड फिरत राहिली, आणि मला, इंग्रजीच्या एम.ए.ला, कोणी एका शब्दाने विचारलं नाही की अर्थ बरोबर आहे का. नोकरी टिकली, घरही टिकलं. आणि त्या दिवसापासून मधू दिसेल त्याला, तुम्हां पोरांनासुद्धा, सांगत सुटला की हे गाणं बागेच्या ताणाचं आहे.

तेरवीला त्याच्या मुलीने त्याच्याच खोलीत, त्याच्या खुर्चीशेजारच्या यंत्रावर, ते लावलं. गावाकडचे एक म्हातारे नातलग दाराशी बसले होते. ढोल सुरू झाले तसे ते दचकले. "काय म्हणून राहिला वं हा?" खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कवितेवर आपली बाग लादू नये, असं मी वर्गात पोरांना शिकवत आले...

"बाग ताणावर सोडली आहे," मी म्हटलं. "पाण्याची वाट बघतोय."

म्हाताऱ्यांनी मान डोलावली आणि गाणं संपेपर्यंत डोळे मिटून बसले.