व्हर्लीन टिस्डेल कोण?

मिस टायनी उंचीला सहा फुटांना दोन बोटे कमी आहेत. टायनी म्हणजे चिमुकली. सातव्या महिन्यात जन्मल्या तेव्हा त्यांच्या आजीने त्यांना बुटांच्या खोक्यात कापूस घालून चुलीशेजारी ठेवले होते. आजीने दिलेले ते नाव पुढे तेवढेच राहिले, बाई मात्र वाढत गेल्या. मेम्फिसच्या दक्षिणेकडच्या आमच्या काळ्या लोकांच्या वस्तीत नवे माणूस आले की पहिल्या भेटीत हमखास विचारते, "यांना टायनी म्हणतात?" मिस टायनी उत्तर देतात, "मोठी टायनी बघायची असेल तर माझी थोरली बहीण बघा."

बाळंतपणात पोरींना सोबत करणे हे त्यांचे काम. सतरा वर्षांपूर्वी त्या शाळेच्या भटारखान्यात स्वयंपाक करीत. त्यांची भाची कॅसी दिवस भरून रुग्णालयात गेली, डोके फुटतेय असे तीन वेळा म्हणाली आणि तिन्ही वेळा तिला थोडे शांत पडून राहायला सांगण्यात आले. बाळ जगले, कॅसी नाही. कॅसीच्या कागदपत्रांत डोकेदुखीचा उल्लेख कुठेच नव्हता. त्यानंतर वस्तीतल्या ज्या पोरीचे दिवस भरत, तिच्या खाटेशेजारी मिस टायनी खुर्ची ओढून बसू लागल्या. डॉक्टरांशी त्या कधी भांडल्या नाहीत. परिचारिकेला एवढेच म्हणत, "लिहा, बाई. तिचं डोकं दुखतंय असं ती म्हणाली, ते लिहा. आणि घड्याळात किती वाजले, तेही लिहा." काय लिहिले जाते हे कोणी पाहत असले की माणसे जपून वागतात, इतके साधे त्यांचे शास्त्र होते.

या शास्त्राची कीर्ती झाली तेव्हा संस्था स्थापन करावी लागली. संस्था म्हटल्यावर देणगी आली आणि देणगीबरोबर नऊ जणांचे मंडळ आले. मंडळाने मिस टायनींना 'हंगामी संचालक' नेमले. ज्या बाईने घर बांधले तिला त्याच घरात पाहुणी म्हणून उतरवून घेतले आणि याबद्दल तिने आभार मानावेत अशी अपेक्षा ठेवली. हा हंगाम चार वर्षे चालला. मी त्या संस्थेची चिटणीस होते. पत्रे लिहीत असे, इतिवृत्त ठेवीत असे.

मी डेल्टातल्या, म्हणजे दक्षिणेच्या नदीकाठच्या कापूस-मुलखातल्या, खेड्यातली. आमच्या गावात कापसाची गिरणी, दोन चर्च आणि एक दुकान होते. मी महाविद्यालयात शिकले, शहरात राहिले, आणि कागदावर नीटनेटके दिसण्याची मला सवय लागली. हे सांगणे भाग आहे, कारण पुढे जे घडले त्याची सुरुवात माझ्या हातून झाली.

गेल्या वसंतात मंडळाने कायम संचालक नेमायचे ठरवले. मिस टायनींनी अर्ज केला. स्वतःच्या जागेसाठी अर्ज करताना त्या मला म्हणाल्या, "पोरी, यात 'आपण या कामाकडे कशा वळलात' असं विचारलंय. काय लिहू? कॅसी लिहू?"

"लिहा ना."

"नाही लिहीत. कॅसीला मी नोकरीच्या अर्जावर नेणार नाही." त्यांनी लिहिले, 'सोबत केली.' त्या रकान्यात एवढेच.

मंडळाने निवडीच्या कामी बाहेरची एक सल्लागार कंपनी नेमली होती. आम्ही ज्यांना सोबत केली त्या बेचाळीस आयांना दूरध्वनी करून त्यांचे मत घ्यायचे असे ठरले. प्रश्नावलीचा मसुदा माझ्याकडे तपासायला आला. पहिला प्रश्न होता, 'मिस टायनींना आपण ओळखता का?' मला ते खटकले. नऊ प्रतिष्ठित माणसांपुढे जाणाऱ्या कागदावर टोपणनाव शोभेना. मी ते खोडले आणि माझ्या सुंदर अक्षरात लिहिले, 'व्हर्लीन टिस्डेल'. मला त्यांचा मानच करायचा होता.

खेड्यातल्या माझ्या आईने ही चूक केली नसती. आमच्या लोकांत माणसाला दोन नावे असतात. एक घरचे, गल्लीतले, चर्चमधले. त्या नावाने हाक येते, जेवायला बोलावणे येते. दुसरे कागदावरचे. त्या नावाने समन्स येते, जप्ती येते, मुले काढून नेणाऱ्या खात्याची बाई येते. अनोळखी गोड आवाज कोणाचे कागदावरचे नाव घेऊन चौकशी करू लागला, तर उत्तर एकच असते आणि ते आमच्या मुलांना अक्षरओळखीआधी येते.

बेचाळीसपैकी तेहतीस जणींनी सांगितले, आम्ही ओळखत नाही. पाच जणींनी फोन ठेवून दिला. चौघींनी उलट विचारले, "तुम्ही कोण?"

अहवाल आला. त्यात लिहिले होते, 'हंगामी संचालकांची लाभार्थींमधील ओळख अत्यल्प आहे.' ते वाक्य वाचताच मी खोडलेले टोपणनाव मला आठवले. अकरा दिवस मी गप्प राहिले. चूक कबूल करण्याची नीटनेटकी रीत शोधीत होते, असे म्हणू या.

बाराव्या दिवशी मिस टायनींच्या ओसरीवर जाऊन मी सगळे सांगितले. त्या शेंगा सोलीत होत्या. सोलता सोलता थांबल्या नाहीत.

"तेहतीस?" त्या म्हणाल्या.

"हो."

"शाब्बास माझ्या पोरींनो." आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या की समोरच्या घरातला कुत्रा भुंकू लागला. मग हसू थांबले. "आणि तू हे मंडळाला केव्हा सांगितलंस?"

"अजून नाही."

त्यांनी शेंगांचे भांडे उचलले आणि आत गेल्या. जाळीचे दार माझ्या तोंडावर आपटले नाही. नेहमीसारखे हलकेच लागले. आपटले असते तर बरे वाटले असते.

गुरुवारी दुपारी चर्चच्या तळघरात मंडळाची बैठक झाली. मी बातमी फिरवली होती, त्यामुळे एकवीस जणी आल्या, काही कडेवर लेकरे घेऊन. अध्यक्षा मिसेस मार्गो व्हिटकर यांनी सगळ्यांचे हसून स्वागत केले. चिटणिसाला बैठकीत बोलण्याचा अधिकार नसतो. मी उभी राहिले आणि बोलले. नाव मी बदलले, प्रश्न माझ्यामुळे फसला, तो पुन्हा विचारावा, एवढे सांगितले.

मग टमीरा उठली. वय चोवीस, दोन्ही बाळंतपणांना मिस टायनी सोबत. "बाई, मला हे नाव माहीत होतं," ती म्हणाली. "रुग्णालयाच्या बिल्ल्यावर वाचलं होतं. तरी मी सांगितलं, नाही ओळखत. वर हेही सांगितलं की ती बाई टेक्ससला राहायला गेली."

मागून कोणीतरी म्हणाले, "मी तर मेली म्हणून सांगितलं!"

"जिवंतपणी मारलंस होय गं मला?" मिस टायनी वळून म्हणाल्या. सगळे तळघर हसले.

टमीरा हसली नाही. "मला वाटलं, कोणीतरी त्यांच्या मागावर आहे. मी त्यांना वाचवत होते. आणि तुम्ही म्हणता आमची ओळख नाही? माझ्या पोराची नाळ कापताना तुम्ही होतात का तिथं? ओळख म्हणजे काय असतं तुमच्यात?"

मिसेस व्हिटकर यांनी छातीवर हात ठेवला. "टमीरा, तू हे इतक्या मोकळेपणानं सांगितलंस, मला फार भरून आलं," त्या म्हणाल्या. "पण बघ, यातूनही एक गोष्ट दिसतेच. संस्थेच्या प्रमुखाला बाहेर एक नाव आणि आत दुसरंच नाव असलं, तर देणगीदारांनी विश्वास कुणावर ठेवायचा? शिवाय प्रक्रिया पूर्ण झालेली आहे."

ते वाक्य मी जसेच्या तसे उतरवले. प्रश्न चुकला हे सिद्ध झाले, तर चूक नावाची ठरली. उद्या नाव बदलले असते, तर उंचीची ठरली असती.

सल्लागार कंपनीने सुचवलेल्या उमेदवारासाठी हात वर झाले, आठ. नववे सभासद डॉक्टर पेटिग्रू, आमच्यापैकीच, या वस्तीत तीस वर्षे दातांचा दवाखाना चालवणारे. ते तटस्थ राहिले आणि घड्याळाकडे पाहत राहिले. क्लेअर ॲबट नावाची उत्तरेकडची एक तरुण, हुशार आणि सभ्य बाई संचालक झाली. तिच्यावर माझा राग नाही. तिला कोणी काही सांगितलेच नव्हते.

"आणि व्हर्लीन," मिसेस व्हिटकर म्हणाल्या, "तुझ्यासाठी आम्ही एक खास पद निर्माण करतोय. समुदाय-दूत. तू क्लेअरला घरोघरी घेऊन जा, मुलींशी तिची ओळख करून दे. तुझ्याशिवाय त्या दारं उघडणार नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे."

मोठ्या बाईला नावाआधी 'मिस' न लावता हाक मारणे म्हणजे आमच्याकडे सरळ अरे-तुरे. चार वर्षे ते चालले होते. मिस टायनी उभ्या राहिल्या. त्या उभ्या राहिल्या की तळघराचे छत खाली आल्यासारखे वाटते.

"मिसेस व्हिटकर, माझी आई तुमच्यासारख्या गोऱ्यांच्या घरी धुणं धुवायची. त्या घरातली सहा वर्षांची पोर तिला 'एडना' म्हणायची आणि आई त्या पोरीला 'मिस बेट्टी'. मी दाराशी बसून ऐकायची. तुम्ही पहिल्याच दिवशी मला व्हर्लीन म्हणालात, तेव्हा मला वाटलं, शिकतील. माझ्या हातचा केक तरी दर बैठकीला खाल्लात ना, मग तेवढं शिकायला काय हरकत होती?"

"मला जवळीक दाखवायची होती..."

"जवळीक! मग आता फोनवर माझी ओळख कमी कशी भरली? खुर्ची तिला आणि उंबरठे मला? पोरींनी दार माझ्यासाठी उघडायचं आणि आत तिनं जायचं? नाही."

"थोडा विचार करून सांग."

"नाही म्हणाले. लिहून घे गं," त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या.

मी लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी इतिवृत्त मिसेस व्हिटकरांकडून परत आले. 'नाही' या शब्दावर रेघ होती आणि वर लिहिले होते, 'श्रीमती टिस्डेल यांनी आभार मानून विचारासाठी वेळ मागितला.' आता मात्र त्या श्रीमती झाल्या होत्या. मी 'नाही' पुन्हा लिहून पाठवले. ते पुन्हा खोडून आले, सोबत गोड चिठ्ठी: सर्वांच्या हिताचा विचार करावा.

सुज्ञ माणसे मला सांगतात की यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. मान्य. कॅसीला शांत पडून राहायला सांगणाऱ्यांचाही नव्हता. वाईट हेतू नसलेल्या माणसांनी आमच्या किती जणींना पुरले आहे, याची नोंद ठेवायला कोणी खुर्ची ओढून बसत नाही. मिस टायनी पगाराविना, विम्याविना पुन्हा एकट्याच पोरींना सोबत करू लागल्या. संस्थेच्या भिंतीवर मात्र त्यांचा हसरा फोटो अजून आहे, खाली 'आमची प्रेरणा' असे लिहिलेले. काढा म्हणून त्यांनी निरोप पाठवला होता. छायाचित्राचे हक्क मंडळाकडे आहेत, असे उत्तर आले.

तिसऱ्या खेपेला मी इतिवृत्ताच्या शेवटच्या ओळीत 'नाही' मोठ्या अक्षरात लिहिले, खाली सही केली आणि राजीनामा जोडला. मग गाडी काढून मिस टायनींच्या घरी गेले. सकाळचे नऊ वाजले होते. त्या पायरीवर पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांची जुनी गाडी बंद पडली होती आणि टमीराच्या नणंदेला कळा सुरू झाल्या होत्या.

मी दार उघडले. त्या आत बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. गल्लीच्या वळणावर मी म्हणाले, "मिस टायनी, मी..."

"गप्प," त्या समोर पाहत म्हणाल्या. "अकरा दिवस गप्प बसता येत होतं ना तुला? मग आता अकरा मिनिटं बस. सध्या मला कुठल्याच नावानं हाक मारू नकोस. गाडी चालव."