सुंदराच्या कोकराचा कान

माझी थोरली जाऊ सुंदरा अंगाने चिमुकली, पण तोरा असा की विहिरीवर निघाली तरी लग्नाला निघाल्यासारखी वाटायची. सासूबाई असत्या तर दोघींचं एक दिवस पटलं नसतं. माझं पटलं, कारण मला भांडायला यायचं आणि तिला भांडण आवडायचं.

पोशीरजवळच्या आमच्या गावात शेळ्या बहुतेक घरांत होत्या, मेंढ्या तीन-चार घरांतच, आमच्याकडे मात्र काहीच नव्हतं. भात कापून झालं की घाटावरचे धनगर खाली उतरायचे आणि खतासाठी लोकांच्या शेतात कळप बसवायचे. एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमाराला अशाच एका धनगराने एक लंगडी मेंढी आमच्या दारात सोडली. आमच्या पावसात मेंढीचे खूर कुजतात, त्यामुळे ती काही जगायची नाही असं सगळं गाव म्हणालं. गाव म्हणालं म्हणूनच बहुतेक सुंदरा इरेला पेटली. पडवीत तिने बांबूचा माच बांधून घेतला, त्यावर मेंढी ठेवली आणि हाताने पाला तोडून घातला. मेंढी पावसाळा तरली. दुसऱ्या साली व्याली आणि त्यातच गेली. मागे राहिलेलं कोकरू सुंदराने शेजारून आणलेल्या शेळीच्या दुधावर वाढवलं. आमच्या घराचं स्वतःचं असं ते पहिलं जनावर.

सगळ्या गावाची शेळ्या-मेंढरं एकच गुराखी, म्हातारा सखा, माळावर न्यायचा. संध्याकाळी तो कान बघून ज्याची त्याला लावून द्यायचा. प्रत्येक घराची कानावर खूण होती. आबाजींची मागच्या कडेला खाच, श्रीपतची टोकाला उभी चीर, असं पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. आणि या सगळ्या खुणा कापायचे कोण, तर आमचे सासरे, चंदरमामा. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, तेव्हा घराने गावकीची सगळी कामं टाकली. कान कापायचं मामांनी टाकलं नाही, कारण तो हात दुसऱ्या कुणाला नव्हता. जनावरावरून वाद झाला तर मामा अंगठ्याने कान चाचपायचे आणि सांगतील ते गाव ऐकायचं. गावभर खुणा वाटणाऱ्या या माणसाच्या घराला मात्र स्वतःची खूण नव्हती. लागलीच नव्हती कधी.

खुणेशिवाय सखा कोकरू नेईना. श्रीपत वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "माझीच चीर मारा की. कोन हात लावनार नाय."

"मग कोकरू कोनाचं म्हनायचं?" सुंदराने विचारलं. श्रीपत हसून निघून गेला. मामांना आपल्या घराची नवी खूण कापायला सांगितलं, तर ते 'राहू दे' म्हणाले.

माझे थोरले दीर, सुंदराचे यजमान दामू, खोपोलीला कारखान्यात होते. सुंदराने त्यांच्याकडून ॲल्युमिनियमचा चौकोनी बिल्ला कापून आणवला, दाभणाने कोकराच्या कानाला भोक पाडलं आणि तारेने बिल्ला अडकवला. अडकवला कुठे, तर अगदी टोकाला, म्हणजे लांबून चमकावा! मी म्हटलं, "आक्का, ही खूण हाय का नथ?" तर आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही.

व्हायचं तेच झालं. बिल्ला करवंदीच्या जाळीत अडकला, कोकराने हिसडा मारला आणि कान टोकाला उभा फाटला. नेमकी श्रीपतची चीर. त्याच आठवड्यात श्रीपतचं एक कोकरू हरवलं होतं. सखाने आमचं कोकरू त्याच्याकडे लावून दिलं आणि आपलं सापडलं म्हणून त्याने आनंदाने बांधून घेतलं.

आम्ही तिघं त्याच्या अंगणात गेलो. हातात पाला घेऊन आलेल्या सुंदराला बघून कोकरू ओरडायला लागलं. श्रीपत म्हणाला, "पाला दिसला की कोनाच्याबी मागं जातंय ते." चार माणसं जमली. मामा मागे उभे होते. हळूच म्हणाले, "जाऊ दे गं सुंदरा. ऱ्हाऊ दे त्यांनाच." मला त्यांचा राग आला. आयुष्यभर हा माणूस 'राहू दे' म्हणत आला होता.

सुंदरा वळली. "मामा, दुसऱ्यांच्या कोकराचा कान बघता, तसा याचा बघा. श्रीपतदादाचं असंल तर मी मुकाट घरी जाईन."

"घरच्याच कोकराची साक्ष, बाबा?" श्रीपत म्हणाला.

मामा खोटं बोलणार नाहीत हे मला माहीत होतं. ते काहीच बोलणार नाहीत, याचीच भीती होती. ते पुढे आले, खाली बसले आणि कान चाचपत राहिले. मग श्रीपतच्या एका मेंढीला जवळ ओढून तिचाही कान त्यांनी चाचपला.

"श्रीपतदादा, तुझ्या गोठ्यातला एकूनएक कान माझ्या सुरीचा हाय. सुरीची कड गुळगुळीत ऱ्हाते. हा कान फाटलाय." मामा उठून उभे राहिले. "ह्ये कोकरू आमचं हाय."

'आमचं' हा शब्द मामांच्या तोंडून चारचौघांत मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आवाज चढवला नव्हता, तरी अंगणभर ऐकू गेला.

श्रीपतने कोकराचा आणि मेंढीचा कान स्वतः हाताने चाचपून बघितला आणि दावं सोडून सुंदराच्या हातात दिलं. "चूक झाली," म्हणाला. त्याचंही मला कौतुकच वाटलं.

घरी आल्यावर मामांनी नवा बिल्ला मागितला. या खेपेला तो दुसऱ्या कानाला, अगदी बुडाशी धरला. तिथे लोकर दाट. सुंदराला ते काही पटेना.

"मामा, तिथं तो दिसंल कसा कोनाला?"

"नाय दिसला तरी आपलंच हाय गं," मामा म्हणाले आणि दाभणासाठी हात पुढे केला.